कुंकवाची जागा

१

फिल्म निवडण्याआधी मी दोन गोष्टी पाहतो. उजेड किती आहे, आणि समोरच्या माणसाच्या अंगावर लाल रंग कुठे आहे.

उजेडाचं कोणीही सांगेल. मांडवाखाली किंवा घरात फोटो काढायचा असेल तर जलद फिल्म लागते. तिच्यावर दाणे उमटतात, पण माणसं हललेली येत नाहीत. भरपूर ऊन असेल आणि माणूस स्वस्थ बसणारा असेल तर मंद फिल्म घ्यावी; सुरकुतीन् सुरकुती येते. लाल रंगाची गोष्ट मात्र मला धामणगाव बढ्याला आल्यावर कळली.

मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक होतो. विलायतेची डॉक्टरेट आहे, आणि ती असूनही एखादं साधं विधान करताना मी तीनदा मागे वळून बघतो. निवृत्तीनंतर रुख्मिणीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या माहेरगावी आम्ही लहानसं घर बांधलं. गावात फोटोचं दुकान नव्हतं. माझ्याकडे कॅमेरा आहे हे कळल्यावर लोक येऊ लागले. वेचणीचा कापूस ठेवायला म्हणून बांधलेली एक बिनखिडकीची खोली होती, तिथे मी फिल्म धुवायची सोय केली. कापूस गेला तरी त्याची तुसं त्या खोलीतून कधी गेली नाहीत.

सुरुवातीला मी सरसकट पॅन फिल्म वापरायचो. तिला सगळे रंग दिसतात. तिच्यावर लाल रंग फिका, जवळजवळ कातडीच्याच छटेचा येतो. एका लग्नाचे फोटो मी मोठ्या हौसेने दिले आणि दुसऱ्या दिवशी नवरीची आई कौशल्याबाई फोटो पदराखाली झाकून दारात उभी.

"प्रोफेसरसायेब, पोरीचं कुंकू कुठी गेलं? जावई जित्ता हाय ना माह्या!"

मी तिला प्रकाशाच्या लहरी समजावू लागलो. रुख्मिणी आतून आली, तिने काजळाची डबी उघडली आणि फोटोतल्या मुलीच्या कपाळावर बोटाने बारीकसा ठिपका ठेवला. डबीचं झाकण घट्ट बसायचं. लावताना टक् असा आवाज व्हायचा. "घे वं, आलं पाह्य कुंकू," ती म्हणाली. पुढे पॅनवर फोटो असला की ती बायकांच्या कुंकवावर आधीच काजळ लावून द्यायची.

दुसरी फिल्म ऑर्थो. तिला लाल रंग दिसतच नाही, म्हणून लाल वस्तू फोटोत काळी येते. कुंकू ठसठशीत येतं, पण उन्हात रापलेले चेहरेही काळे पडतात. हिंमतराव पाटलांनी आपला फोटो हातात धरून मला विचारलं होतं, "सायेब, मले काऊन तव्याच्या बुडावानी काढलं? बायको म्हणे, हा कोन?"

तेव्हा नियम ठरला. एकटा पुरुष असेल तर पॅन, बाई असेल तर ऑर्थो. जोडपं असेल तरी ऑर्थोच, पुरुषांनी कुरकुर करायची.

२

चीनच्या युद्धानंतर परदेशी माल येईना आणि पॅन दुर्मीळ झाली. नागपूरच्या एका मित्राने ऑर्थोचे बरेच रोल पाठवले होते, त्यांवर माझं चाललं होतं.

त्या संक्रांतीला रुख्मिणीने हळदीकुंकू केलं. दुपारी अंगण बायकांनी भरलं. तिने एकाच करंड्यातलं कुंकू, एकाच बोटाने, प्रत्येकीला लावलं, आणि मग मी सगळ्यांना ओट्यावर दोन रांगांत बसवून फोटो घेतला. ऑर्थो फिल्म, स्वच्छ ऊन. याहून सोपा फोटो नसेल.

ऑर्थोचा आणखी एक फायदा आहे. पॅन पूर्ण अंधारात धुवावी लागते. ऑर्थोला लाल दिसत नसल्यामुळे ती लाल दिव्यात धुता येते. चित्र उमटताना डोळ्यांनी पाहता येतं. मी फिल्मची दोन टोकं धरून ती द्रावणातून झोक्यासारखी वरखाली फिरवत होतो. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. चेहरा काळा पडत जातो आणि कुंकवाच्या जागी फिल्म कोरी, पारदर्शक राहते. कपाळाला सुईने भोक पाडावं तशी. हळूहळू दोन रांगा उमटल्या, प्रत्येक कपाळावर एक भोक.

पुढच्या रांगेतल्या एका कपाळावर ते नव्हतं.

फिल्म वाळल्यावर मी ती भिंग घेऊन दाराशी पाहिली. ती गीताबाई होती, भाजीमळा करणाऱ्या उकंडरावांची बायको. नथ आली होती, डोरल्याचे मणी मोजता आले असते. कपाळ मात्र सगळं सारखं काळं, पाटीसारखं.

मी कारणं काढत बसलो. घामावर ऊन चमकलं असेल. तिने पदराने कपाळ पुसलं असेल. कापसाचं तूस चिकटलं असेल, पण तूस गोल नसतं, आणि त्याने डाग पडतो, डाग जात नाही.

"गीताबाईंनी कुंकू लावलं होतं ना?" मी रुख्मिणीला विचारलं.

"हे काय इचारणं झालं? मीच तं लावलं, ह्याच बोटानं. काऊन?"

"काही नाही."

प्रयोगशाळेत याहून काटेकोर प्रयोग मी क्वचितच केला असेन. कुंकू तेच, बोट तेच, ऊन तेच, फिल्म तीच. वेगळं काय होतं ते मला दिसत नव्हतं. मी छापलेल्या फोटोत गीताबाईंच्या कपाळावर बारीक कुंचल्याने शाईचा ठिपका दिला. मान वर केली तेव्हा रुख्मिणी दारात उभी होती. हातातलं ओलं फडकं पिळायचं ती विसरली होती आणि पाणी उंबऱ्यावर टपटपत होतं.

३

फोटो न्यायला उकंडराव स्वतः आले. धिप्पाड माणूस, बोलताना सगळी ओसरी भरून टाकणारा.

"आमच्या मालकिणीले मधात बसवलं नाही तुम्ही? घरी येऊन मलेच बोलून राह्यली!"

"पुढच्या वेळी मधोमध बसवतो."

"पुढच्या टायमाले मी बी बसतो संगं. जोडीचा काढजा. पण मले काळं नका करू."

ते हसले आणि फोटो टोपीत ठेवून गेले. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो. चालण्यात काही दोष नव्हता, धाप लागत नव्हती. मी ते तपासतो आहे हे लक्षात आल्यावर मलाच शरम वाटली.

होळीच्या आधी ते मळ्यात वांगी तोडताना बसले आणि उठले नाहीत. छातीचा विकार, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी समाचाराला गेलो. गीताबाई आतल्या दाराशी बसल्या होत्या. ते कपाळ मी त्याआधी फिल्मवर पाहिलं होतं. अगदी तसंच.

घरी येताना मी स्वतःला समजावत होतो. पन्नाशी उलटलेला, वजनदार, तंबाखू खाणारा माणूस. एका निरीक्षणावरून काहीच सिद्ध होत नाही, हे मी आयुष्यभर मुलांना शिकवलं. दुसरं निरीक्षण मिळालं तर विचार करता येतो.

मला दुसरं निरीक्षण नको होतं.

४

मी ऑर्थोचे उरलेले रोल ट्रंकेत ठेवून दिले आणि लोकांना ऑर्थो संपली असं सांगू लागलो. मलकापुरातून खटपट करून थोडी पॅन मिळवली आणि फक्त तीच वापरू लागलो. पॅनवर कुंकू तसंही दिसत नाही, काजळ दिसतं. ते काजळ मला फार बरं वाटू लागलं. त्यातून काहीही कळत नव्हतं.

तरी मन स्वस्थ बसेना. एक विरुद्ध उदाहरण मिळालं असतं तर सगळी कल्पना कोसळली असती. म्हणजे अशी एखादी बाई, जिचं कुंकू फोटोत नीट आलं आणि तरीही नवरा लगेच गेला. गावातल्याच जनकाबाई आठवल्या. फोटो काढल्यावर पंधरवड्यातच त्यांचे यजमान गेले होते. मी त्यांची निगेटिव्ह शोधून खिडकीशी धरली. कपाळावर भोक होतं! मला इतकं हलकं वाटलं की मी रुख्मिणीला चहा टाकायला सांगितलं. चहाचा दुसरा घोट घेताना आठवलं की ती फिल्म पॅन होती. जनकाबाईंना रुख्मिणीने काजळ लावलं होतं. ते उदाहरण धरता येत नव्हतं.

त्यानंतर महादेवराव आणि बेबीताई आले. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान. त्यांचा मुलगा फौजेत, सरहद्दीवर होता. त्याला आईवडिलांचा फोटो हवा होता. पॅनचा शेवटचा रोल आदल्या दिवशी संपला होता. पॅन आली की या असं सांगणार, तोच रुख्मिणी म्हणाली, "ट्रंकेत हाय ना ते दुसरी फिल्लम."

"ती जुनी झाली आहे."

"जुनी तं जुनी," बेबीताई म्हणाल्या, "पण माह्यं कुंकू आलं पाह्यजे, प्रोफेसरसाहेब. तिकडं बर्फात पोरगं एकलं हाय. बिनकुंकवाची माय पाह्यली तं जीव जाईल त्याचा."

लाल दिव्यात मी पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पाहिलं. महादेवरावांची टोपी, मिशा, बेबीताईंचं मंगळसूत्र. आणि सारखं काळं कपाळ.

मी शाईचा ठिपका दिला आणि फोटो द्यायला स्वतः दुकानात गेलो. "एकदा बुलढाण्याला जाऊन प्रकृती दाखवून या," मी म्हणालो.

"मले काय झालं?" महादेवराव कापड फाडता फाडता थांबले. "तुम्हीच वाळून चालले साहेब. तुम्हीच दाखवा."

सगळं दुकान हसलं, मीही हसलो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या आत महादेवराव गेले. काविळीने. हृदय नाही, कावीळ. दोन माणसं, दोन वेगळे रोग, माझी एक फिल्म. संबंध काय? मी उत्तर शोधत नव्हतो. संबंध नाही असं कोणीतरी मला सांगावं, एवढंच हवं होतं, आणि ते विचारायला गावात माझ्याहून शिकलेला माणूस नव्हता.

५

नागपूरहून मुलीचं पत्र आलं. तिला दिवस गेले होते, आणि तुमच्या दोघांचा फोटो पाठवा म्हणून तिने हट्ट धरला होता.

"आपला जोडीचा एकबी नाही," रुख्मिणी म्हणाली. "साऱ्या गावाचे काढले तुम्ही."

"पॅन मिळाली की काढू."

"ट्रंकेतल्या फिल्लमवर काढा."

"ती खराब झाली आहे. आणि पॅनवर चेहरे चांगले येतात. तू काजळ लाव म्हणजे झालं."

ती निवडत असलेली मेथी बाजूला सारून माझ्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात तिने क्वचितच असं सरळ बघितलं होतं.

"काजळाचं नको. खरं पाह्यजे."

"फोटोत खरं-खोटं काय असतं?"

"मंग गीताबाईच्या कपाळावर शाई काऊन लावली होती? बेबीताईच्या?"

बाहेर कोणीतरी बैलांना हाकत नेत होतं, त्यांच्या घुंगरांचा आवाज लांब जाईपर्यंत आम्ही दोघं ऐकत बसलो.

"मले समजत नाही असं वाटते का तुम्हाले?" ती हळू म्हणाली. "भेव वाटते ना?"

"मी शास्त्राचा माणूस आहे, रुख्मिणी."

"हाव. म्हनून तं म्हंते, काढा. नाही तं रोज सकाळी उठून मी तुमच्या छातीकडं पाहू का, वरखाली होते का नाही थे?"

तेव्हा मला कळलं की ती तसं पाहत होती. कधीपासून, हे विचारण्याचं धैर्य मला झालं नाही.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर दोन खुर्च्या मांडल्या. तिने ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं. आरशासमोर उभी राहून मेणावर कुंकू रेखलं, रुपयाएवढं मोठं, आणि मला विचारलं, "झालं का बरोबर?" मी जवळ जाऊन पाहिलं. लाल, ओलसर, गोल. मी ते इतका वेळ पाहिलं की ती लाजली.

"पाव्हणे पाह्याले आल्यावानी काऊन पाहून राह्यले?"

कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर लावून, त्याची घड्याळासारखी कळ फिरवून, मी धावत येऊन खुर्चीवर बसलो. कळ कुरकुरत होती. तिने पदराखालून माझा हात धरला. टक् झालं. फोटो निघाला.

कापसाच्या खोलीत मी दार लावलं, लाल दिवा पेटवला आणि द्रावणात फिल्म सोडली. वरखाली, वरखाली. आधी ओटा उमटला, मग खुर्च्यांचे पाय. मग माझं धोतर. माझा चेहरा मी पाहिला नाही. तिचा पाहत होतो. गाल काळे पडू लागले, मग हनुवटी, मग कपाळ.

मधोमध कोरी जागा होती. स्वच्छ, गोल. मी मोठ्याने श्वास सोडला.

फिल्म अजून थोडा वेळ द्रावणात राहायला हवी होती. मी ती फिरवत राहिलो, आणि मला वाटलं की ती जागा लहान झाली आहे. कड आत सरकते आहे, पाण्यावर तेल पसरावं तशी. जास्त वेळ धुतली तर कोऱ्या जागाही धुरकटतात, हे मला माहीत आहे. पण जास्त वेळ झालेला नव्हता. लाल उजेडात डोळे फसतात, हेही माहीत आहे. जागा ज्वारीच्या दाण्याएवढी झाली. मग तिळाएवढी. माझे हात थांबले नाहीत. ते आपले वरखाली होत राहिले. मग मी ओरडलो असेन, कारण बाहेरून रुख्मिणीने दारावर थाप मारली, आणि मी फिल्म द्रावणातून ओढून काढली, पाण्यात बुडवली, दुसऱ्या द्रावणात टाकली. डोळे मिटून.

पुढचं सगळं काम मी न बघता केलं. अंधारात पॅन धुवायच्या सवयीने हात चालतात. दुपारी निगेटिव्ह कागदावर ठेवून फोटो छापला, तोही नजर वळवून, पाण्यात सोडला, आणि बाहेर ओसरीवर येऊन बसलो. छातीत धडधडत होतं. ते भीतीचं होतं का दुसरं काही, सांगता येणार नाही.

"मी काढते पाण्यातून," रुख्मिणी म्हणाली. फोटो वाळवायचं काम नेहमी तिचंच असे.

ती आत गेली. पाण्याचा आवाज झाला. मग ती फोटो काचेवर चिकटवून मागच्या अंगणात उन्हात ठेवायला गेली असावी, कारण मागचं दार वाजलं. मग खूप वेळ काहीच नाही. तिच्या बांगड्याही वाजेनात. मी हाक मारायला उठलो आणि पुन्हा बसलो. मागचं दार पुन्हा वाजलं. आतल्या खोलीत ती चालली, थांबली.

आणि टक् असा बारीक आवाज झाला.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. "मस्त आला," ती म्हणाली. "दोघं बी काळे आलो, पन कुंकू पाहा कसं आलं."

तिने फोटो लांबूनच दाखवला आणि आत नेऊन कोनाड्यात टेकवून ठेवला.

७

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी ती चुलीशी होती. भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी कोनाड्याजवळ गेलो.

दोघेही आलो होतो. तिचा चेहरा शांत, माझा नेहमीसारखा काहीतरी विसरल्यासारखा. तिच्या कपाळावर काळंभोर, गोल कुंकू. मी बोटाने हलकेच स्पर्श केला.

बोट काळं झालं. फोटोत कपाळावर नुसता पुसट फराटा राहिला.

मी तसाच उभा राहिलो आणि विचार करू लागलो, कारण मला दुसरं काही येत नाही. फिल्म मी वेळेआधी बाहेर काढली होती. अशा फिल्मवरून छापलेला फोटो काळवंडतो. सावळ्या कपाळात कुंकू मिसळून जाणं अगदी शक्य आहे. ते तिला पुसट वाटलं असेल, म्हणून तिने काजळाने ठळक केलं असेल, कौशल्याबाईंच्या मुलीचं केलं होतं तसं. हे स्पष्टीकरण चांगलं आहे. त्यात कुठेही चूक नाही. निगेटिव्ह कापसाच्या खोलीत दोरीवर टांगलेली होती. दाराशी धरायचा अवकाश, लगेच कळलं असतं. अजून उजेड होता.

मी खोलीच्या दारापर्यंत गेलो. आत द्रावणांचा आंबूस वास होता, आणि दोरीवर काहीतरी मंद हलत होतं. वारा नव्हता.

मी परत फिरलो. तिची डबी आरशाखाली होती. झाकण उघडायला जोर लावावा लागला. करंगळी काजळात बुडवून मी फोटोतल्या तिच्या कपाळावर ठेवली. ठिपका जरा वाकडा आला. झाकण मी शक्य तितकं हळू लावलं, तरी ते वाजलंच. टक्.

चुलीशी भाकरीची थाप थांबली.

"अहो," ती तिकडूनच, मागे न बघता म्हणाली, "जरा मोठंच लावजा."